मान, पापणी आणि जीभ
(प्रस्तावना)

पारनेर तालुक्यात पापण्या जड झालेला माणूस पहाटे दवाखान्यात आला, की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं ते मण्यारीचं. रात्री जमिनीवर झोपला होतात का, पोटात दुखतंय का, थुंकी गिळता येते का, हे प्रश्न इथल्या जुन्या डॉक्टरांच्या तोंडून आपोआप निघतात, आणि ते बरोबरच आहे. मण्यारीच्या विषाने दोन्ही पापण्या उतरतात. पण एखाद्या वेळी पापणी एकाच बाजूची उतरलेली असते, तीही जेमतेम एक-दोन मिलिमीटर. त्याच डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा बारीक दिसते. आणि माणूस सांगत असतो की तीन दिवस झाले, मानेची ही बाजू कानामागपर्यंत ठणकतेय. प्रस्तुत पुस्तक त्या माणसाविषयी आहे.

त्याला जे झालेलं असू शकतं त्याला वैद्यकात मानेतल्या धमनीचं डायसेक्शन म्हणतात. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या चार. पुढच्या बाजूने दोन कॅरॉटिड जातात, तर मागून दोन व्हर्टिब्रल धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांमधून वर चढतात. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर गेली, की रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरतं. शेततळ्याचा कागद फाटला की पाणी त्याच्याखाली जाऊन कागद फुगवतं, तसाच हा प्रकार. फुगवटा आतल्या बाजूला आला तर धमनीची वाट अरुंद होते, तिथे गुठळी धरते, गुठळीचे तुकडे मेंदूत जातात आणि लकवा होतो. फुगवटा बाहेरच्या बाजूला आला तर आत रक्त सुरळीत वाहत राहतं, पण शेजारी दाबले जातात.

हे शेजारी कोण, हा या विषयाचा गाभा आहे. मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्या आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यांना कर्पर चेता म्हटलेलं असतं, दवाखान्यात आम्ही क्रेनियल नर्व्ह म्हणतो. त्यातल्या शेवटच्या चार, म्हणजे नववी ते बारावी, कवटीच्या तळातून बाहेर पडतात त्या आतल्या कॅरॉटिड धमनीला अगदी खेटून. गिळणं, आवाज, खांदा उचलणं आणि जीभ हलवणं ही त्यांची कामं. याशिवाय धमनीच्या अंगावरच सिम्पथेटिक तंतूंची जाळी चढलेली असते. बाहुली मोठी करायचं आणि पापणी वर धरून ठेवायचं काम तिच्याकडे. धमनी फुगली की सगळ्यात आधी हीच जाळी ताणली जाते. म्हणून बारीक बाहुली आणि किंचित उतरलेली पापणी. योहान फ्रीडरिश हॉर्नर या स्विस नेत्रतज्ज्ञाने १८६९ मध्ये या जोडीचं वर्णन केलं आणि तिला त्याचंच नाव चिकटलं. कॅरॉटिडच्या डायसेक्शनमध्ये मात्र हॉर्नरचं हे चित्र बहुधा अर्धवट असतं. चेहऱ्याच्या बऱ्याचशा भागाच्या घामाचे तंतू बाहेरच्या कॅरॉटिडबरोबर जातात, त्यामुळे घाम येत राहतो, आणि घाम येतोय म्हणून निदान सोडून देणारे डॉक्टरही असतात.

आता यातली खरी फसवणूक पाहू. लकव्याचा एक जुना नियम प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो: चेहऱ्याची किंवा जिभेची चेता एका बाजूची गेली आणि हातपाय दुसऱ्या बाजूचे गेले, तर दोष मेंदूच्या देठात. नियम चांगला आहे, शंभर वर्षं उपयोगी पडलेला आहे. पण उजव्या कॅरॉटिडचं डायसेक्शन झालं, तिच्या फुगवट्याने उजवी बारावी चेता दाबली, आणि तिच्यातून सुटलेली गुठळी उजव्या मोठ्या मेंदूत गेली, तर रुग्णाची जीभ बाहेर काढताना उजवीकडे वळते आणि डावा हात लुळा पडतो. नियमाप्रमाणे बोट मेंदूच्या देठाकडे जातं, स्कॅनमध्ये देठ स्वच्छ निघतो, आणि मग घोळ सुरू होतो. इथे एकाच धमनीने दोन वेगवेगळ्या जागी दोन गुन्हे केलेले असतात, एक मानेत आणि एक मेंदूत. हे ज्याला ठाऊक आहे तो मान बघतो. ज्याला ठाऊक नाही तो देठाचा एमआरआय पुन्हा काढायला सांगतो.

हे किती वेळा घडतं? विरळाच, पण वाटतं तितकं विरळ नाही. मेयो क्लिनिकच्या बहराम मोकरी यांनी १९९६ मध्ये आतल्या कॅरॉटिडच्या आपोआप झालेल्या डायसेक्शनचे सलग १९० रुग्ण मांडले. त्यातल्या २३ जणांना, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांना, एखाद्या तरी कर्पर चेतेचा लकवा होता. खालच्या चार चेतांचा गट ज्यांच्यात सापडला, त्या प्रत्येकात बारावी होतीच. मला यातली सर्वात कामाची गोष्ट हीच वाटते. जिभेकडे बघायला एमआरआय लागत नाही, टॉर्चही लागत नाही.

एकंदर लकव्यांमध्ये डायसेक्शनचा वाटा दोनेक टक्के. मात्र तरुण आणि मध्यमवयीन रुग्णांपुरतं बघितलं तर तो १० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत पहिल्यांदाच लकवा झालेल्यांचं प्रमाण वर्षाला एक लाखामागे १४५ आलं आणि त्यातले जवळजवळ ३० टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. त्या पाहणीतले बहुसंख्य रुग्ण वयस्क होते. डायसेक्शनचा रुग्ण बहुतेक वेळा चाळिशीच्या आसपासचा असतो. त्याला मधुमेह नसतो, ब्लडप्रेशर नसतं, म्हणून त्याला काही गंभीर होईल असं कुणाला वाटतही नाही. घरातला कमावता माणूस असतो तो. मान आखडली म्हणून आयोडेक्स चोळून कामावर गेलेला.

या विषयाचा इतिहास थोडा मागून सुरू करावा लागतो. गास्पार व्हियुसो हा जिनिव्हातला डॉक्टर. १८०८ मध्ये त्याला स्वतःलाच झटका आला: गरगर, उलट्या, आवाज बसलेला, घास उतरेना, डावी पापणी खाली, चेहऱ्याच्या एका बाजूला आणि अंगाच्या दुसऱ्या बाजूला वेदना व उष्णता कळेनाशी. त्याने आपली लक्षणं तपशीलवार सांगितली आणि अलेक्झांडर मार्सेट यांनी १८११ मध्ये ती लंडनमध्ये छापली. पुढे १८९५ मध्ये आडॉल्फ वॉलेनबर्गने असाच रुग्ण तपासून दोष मेंदूच्या देठात नेमका कुठे आहे हे सांगितलं, आणि रुग्ण गेल्यावर १९०१ मध्ये शवविच्छेदनाने ते बरोबर ठरलं. मागच्या व्हर्टिब्रल धमनीला चीर गेली की आजही बरेचदा हेच चित्र दिसतं. त्यात न थांबणारी उचकी असते, ती फार महत्त्वाची. आपल्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणून माणूस पाणी पितो. मान दुखते, गरगरतंय, आणि दोन दिवस उचकी थांबत नाही असं कुणी म्हणालं, तर पित्ताची गोळी देऊन घरी पाठवू नये.

चेतांच्या गटांना मिळालेली काही नावं मात्र पहिल्या महायुद्धाने दिली. गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा कानामागे, जबड्याच्या कोपऱ्यात शिरला की शेवटच्या चार चेता एकदम तुटत. अशा जखमींवरूनच कोले यांनी १९१५ मध्ये आणि सिकार यांनी १९१७ मध्ये वर्णन केलं, ते कोले-सिकार लक्षणसमूह म्हणून रूढ झालं. १९१६ मध्ये व्हियारे यांनी त्यात हॉर्नरचं चित्र जोडलं. त्याआधीच, १९०४ मध्ये, स्पेनच्या तापिया यांनी दहावी आणि बारावी एकत्र गेलेला रुग्ण मांडला होता. या फ्रेंच-स्पॅनिश पिढीचं बळ निरीक्षणात होतं. आत धमनीचं काय झालंय हे बघायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं, त्यामुळे चेता दिसली आणि धमनी नजरेआड राहिली.

धमनी दिसायला लागली ती १९२७ मध्ये एगाश मोनिश यांनी रक्तवाहिन्यांत औषध सोडून एक्स-रे काढायची पद्धत आणल्यानंतर. तरीही आपोआप होणारं डायसेक्शन हे कुतूहलाचं प्रकरण राहिलं. ते रोजच्या निदानाच्या यादीत आलं ते मिलर फिशर यांच्या १९७८ च्या लेखापासून आणि मोकरींच्या मेयोतल्या कामापासून. फिशर हे लकव्याच्या क्षेत्रातलं फार मोठं नाव. कॅरॉटिडच्या डायसेक्शनमध्ये डोकेदुखी आणि मानदुखी लकव्याच्या आधी येते, कधी तासाभराने तर कधी आठवड्याने, या गोष्टीवर भर देणाऱ्यांत ते होते. मग एमआरआय आला. चरबीचा उजेड दाबून घेतलेल्या चित्रात भिंतीतलं रक्त चंद्रकोरीसारखं पांढरं दिसतं, आणि धमनी आत अरुंद झालेली नसली तरी फुगवटा पकडता येतो. ज्या रुग्णांची जीभ वळली पण साध्या अँजिओग्राफीत काहीच निघालं नाही, त्यांचं कोडं या चंद्रकोरीने सोडवलं.

चेता नेमकी का जाते, यावर अजून दोन मतं आहेत. एका मते फुगवटा तिला दाबतो. दुसऱ्या मते या चेतांना रक्त पुरवणाऱ्या बारीक शाखा बंद पडतात आणि चेतेलाच छोटा लकवा होतो. डोळे हलवणाऱ्या चेता क्वचित जातात, आणि त्या मानेत नाही तर धमनीच्या खूप वरच्या टप्प्यावर असतात. तिथे दुसरं मत जास्त पटतं. जिभेच्या बाबतीत मी पहिल्या मताकडे झुकतो, कारण फुगवटा बाहेरच्या बाजूला असलेल्या रुग्णांतच ती जास्त दिसते. पुस्तकाच्या लेखकांनी दोन्ही बाजू निःपक्षपणे मांडल्या आहेत, माझ्या मते जरा जास्तच निःपक्षपणे.

आपल्याकडची परंपराही या विषयाला परकी नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे.जे. रुग्णालयात नोशीर वाडिया यांनी भारतीय न्यूरोलॉजीचा पाया घातला, असं म्हणायला हरकत नाही. १९७१ मध्ये वाडिया आणि स्वामी यांनी नऊ कुटुंबांमधला एक आनुवंशिक आजार मांडला. तोल जाणं हे त्याचं ठळक लक्षण. पण वाडियांनी पकडलं ते वेगळं: या रुग्णांचे डोळे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर फार सावकाश जातात. हे समोर बसून, बोट दाखवून, डोळ्यांकडे बघत राहिल्याशिवाय कळत नाही. पुढे आनुवंशिक विज्ञान आलं, १९९६ मध्ये त्या आजाराचा जनुक सापडला आणि वाडियांचं ते निरीक्षण जगभर त्या आजाराची ओळख बनलं. आजार वेगळा, पण नजर तीच. महागड्या यंत्रांच्या आधी जे डोळ्यांनी दिसतं ते बघायची ही सवय मुंबईच्या वॉर्डांतून राज्यभर गेली. ती तालुक्याच्या दवाखान्यांपर्यंत पोचली पाहिजे, हा या पुस्तकाचा खरा आग्रह आहे.

अर्थात महाराष्ट्रात खालच्या चेता गेलेल्या माणसाकडे बघताना डायसेक्शन हे पहिलं नाव नसतं, आणि नसावंच. इथे क्षयाचा मेंदूज्वर आहे, नाक-घशाच्या मागच्या भागाचा कर्करोग आहे, वयस्क मधुमेहींमध्ये कानातून कवटीच्या तळाशी उतरणारा हाडाचा संसर्ग आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने डोळे, गाल आणि मेंदू धरलेले रुग्ण जिल्ह्याजिल्ह्यात दिसले, तेव्हा ‘डोळा फिरत नाही’ या एका तक्रारीने घरंच्या घरं हादरली. त्यामुळे इथल्या डॉक्टरला यादी मोठी ठेवावी लागते. फरक पडतो तो वेळेत. कर्करोग आणि क्षय आठवड्यांनी वाढतात. डायसेक्शन एका दिवशी सुरू होतं, आणि रुग्णाला तो दिवस बहुतेक वेळा आठवतो.

आता मान मोडण्याविषयी. सलूनमध्ये दाढी-कटिंग झाल्यावर मान कडकन वाजवून घेतली नाही तर पैसे वसूल झाले नाहीत असं मानणारे पुष्कळ आहेत. हाडवैद्यही मान ‘बसवतात’. अशा झटक्याने व्हर्टिब्रल धमनीला चीर गेल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये यावर मोठे अभ्यास झाले. २००१ चा अभ्यास सांगतो की मागच्या धमनीचा लकवा झालेले तरुण आदल्या आठवड्यात मान मोडणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे जास्त वेळा गेलेले होते. २००८ चा अभ्यास म्हणतो की ते त्याच प्रमाणात साध्या फॅमिली डॉक्टरकडेही गेले होते. म्हणजे चीर आधीच पडलेली असते, त्या वेदनेमुळे माणूस मान दाखवायला जातो, असंही असू शकतं. ही चर्चा पुस्तकात सविस्तर आहे. माझा सल्ला साधा: मान आधीच दुखत असेल तर ती कुणालाही कडकडवू देऊ नये. धोका विरळ असला तरी तो पत्करायचं कारण नाही.

पैलवानांचंही तसंच. २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरी अहिल्यानगरात रंगली, आणि या जिल्ह्यात तालमींना तोटा नाही. मानेवर वजन पेलायचा सराव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, तो बंद करा असं सांगायचा कुणाचाही हेतू नाही. फक्त वस्तादांना एवढं ठाऊक असावं की कुस्तीनंतर दोन दिवस एकाच बाजूची मान आणि डोकं दुखणं, कानात नाडीचे ठोके ऐकू येणं, जिभेला धातूसारखी चव येणं, ही नुसती लचक असेलच असं नाही. चवीची तक्रार तर डॉक्टरांनाही विचित्र वाटते. जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारा तंतूही या शेजारात बाधित होऊ शकतो.

निदान झालं तर पुढे काय, हे ऐकायला बरं वाटेल असं आहे. रक्त पातळ ठेवायची औषधं देतात. त्यातलं कोणतं, ॲस्पिरिनसारखं की वॉरफॅरिनसारखं, यावर दोन मोठे प्रयोग झाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २५० रुग्ण होते. तीन महिन्यांत लकवा झाला तो सुमारे दोन टक्क्यांना, आणि दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. २०२१ च्या दुसऱ्या प्रयोगात ॲस्पिरिन दुसऱ्या औषधाइतकंच चालतं हे सिद्ध करता आलं नाही. वाद मिटलेला नाही, पण औषध द्यायचंच यावर दुमत नाही. लकवा झालाच तर मानेतल्या डायसेक्शनमुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन नाकारायचं कारण नाही, आणि त्याची मुदत साडेचार तासांची आहे. बहुतेकांच्या धमन्या तीन ते सहा महिन्यांत भरून येतात, चेताही बहुधा परततात. सगळ्यात मोठा धोका पहिल्या दोन आठवड्यांचा. नेमकी तेव्हाच पापणी, बाहुली, जीभ किंवा आवाज काहीतरी सांगत असतात, आणि हातपाय अजून धडधाकट असतात.

राळेगणसिद्धीला पाणलोटाचं काम बघायला जगभरातून माणसं आली. अशा ठिकाणी, नगर-पुण्याच्या मध्ये बसून, लकव्यावरचं पुस्तक का लिहावं, असं कुणी विचारलं तर उत्तर अंतरात आहे. एमआरआय म्हटलं की इथल्या माणसाला सहसा नगर किंवा पुणं गाठावं लागतं. २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी आली, रस्ता चांगला झाला. तरी कुणाला पाठवायचं आणि कुणाला घरी ठेवायचं, हा निर्णय गावातल्या डॉक्टरचाच राहतो. प्रत्येक मानदुखीला एमआरआयला धाडलं तर रुग्ण दुसऱ्यांदा येणार नाही, आणि एकालाही धाडलं नाही तर एखादा आयुष्यभर अंथरुणाला खिळेल. या दोन्हींच्या मधली जागा शोधायला हे पुस्तक मदत करतं.

त्याची पद्धत सरळ आहे. आधी मान आणि कवटीचा तळ, मग प्रत्येक चेतेची दोन मिनिटांत होणारी तपासणी, मग ती तपासणी कुठे फसवते. काही सूचना मला फार आवडल्या. बाहुल्यांतला फरक उजेडात न बघता अंधारात बघा, कारण हॉर्नरची बाहुली अंधारात नीट मोठी होत नाही आणि फरक ठळक होतो. आमच्याकडे लाइट गेली की ही तपासणी फुकट होते. जीभ बाहेर काढायला सांगण्याआधी ती तोंडात स्वस्थ असताना बघा, कारण आत असताना ती निरोगी बाजूला ओढली जाते आणि बाहेर काढली की आजारी बाजूला वळते. भाकरीचा घास एका गालात अडकतो का, पाणी पिताना ठसका लागतो का, फोनवर घरचे आवाज ओळखतात का, हे रुग्णाच्या बायकोला विचारा. तिला ते रुग्णाच्या आधी कळलेलं असतं.

एक तक्रार नोंदवतो. लक्षणसमूहांची नावं पुस्तकात गरजेपेक्षा जास्त आली आहेत. जॅक्सन, श्मिट, तापिया, व्हर्ने, कोले-सिकार, व्हियारे एवढी सगळी पाठ करून तालुक्याच्या डॉक्टरला मिळायचं काय? त्याला एवढंच हवं की कोणत्या चेता गेल्या आणि त्या एकाच जागी भेटतात का. तो तक्ता पुस्तकात आहे, थोडा मागे आहे, आणि माझा सल्ला तिथून वाचायला सुरुवात करण्याचा. शस्त्रक्रिया आणि स्टेंट यांची चर्चा मुद्दाम आटोपशीर ठेवली आहे. तो पुण्यातल्या तज्ज्ञांचा भाग आहे.

शेवटी दिलेला संदर्भचिठ्ठीचा नमुना मात्र प्रत्येक दवाखान्यात टेबलाच्या काचेखाली लागावा असा आहे. मोठ्या दवाखान्यात पाठवताना चिठ्ठीवर ‘लकवा, उजवी बाजू’ एवढंच लिहून चालत नाही. मान कधीपासून आणि कोणत्या बाजूची दुखते, पापणी व बाहुली कोणत्या डोळ्याची, जीभ कुठे वळते, आवाज बदलला का, आणि हातपायांत काही झालं असेल तर किती वाजता, हे पाच ओळींत मावतं. वेळ घड्याळ बघून लिहावी. तिकडे इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्यावरूनच ठरतं.

राळेगणसिद्धी, ता. पारनेर,
जि. अहिल्यानगर